पदक आधी उलटं करून पाहा: फ्रीमेसन, ऑडफेलो आणि इतर बंधुमंडळांच्या पदकांचा संग्रह कसा सुरू करावा

बंधुमंडळांची पदकं विकणारा माणूस ती नेहमी चित्राची बाजू वर करून मांडतो. गुण्या आणि कंपास, त्रिकोणातला डोळा, कवटी, तीन कड्यांची साखळी. गिऱ्हाईक त्यावरच भुलतं. तुम्ही वस्तू हातात घेतली की आधी ती उलटी करा. मागे नाव, लॉजचा म्हणजे मंडळाच्या स्थानिक शाखेचा क्रमांक, तारीख असं काही कोरलेलं असेल तर थांबा, ती वस्तू नीट पाहण्याजोगी आहे. पुढचं चित्र हजारो पदकांवर तेच असतं, मागचा मजकूर मात्र एकाच माणसाचा असतो. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना मी पुढे जे काही सांगणार आहे, त्याचा सगळा भर या मागच्या बाजूवर आहे.

आधी ही मंडळी कोण, ते समजून घ्या

फ्रीमेसन यांतले सर्वांत प्रसिद्ध. २४ जून १७१७ रोजी लंडनच्या ‘गूज अँड ग्रिडायरन’ या मद्यगृहात चार लॉज एकत्र आली आणि पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांचं मध्यवर्ती मंडळ, स्थापन झालं, असं परंपरेनं मानलं जातं. दगड घडवणाऱ्या गवंड्यांची हत्यारं त्यांनी चांगल्या वागणुकीच्या खुणा म्हणून घेतली. त्यांच्या धर्तीवर पुढे कितीतरी मंडळं निघाली. इंग्लंडमध्ये ऑडफेलो होते, १८२२ साली लंडनला सुरू झालेले बफेलो होते, १८३४ पासूनचे फॉरेस्टर्स होते. अमेरिकेत थॉमस वाइल्डी यांनी २६ एप्रिल १८१९ रोजी बाल्टिमोरला इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ ऑडफेलोजचं पहिलं लॉज उभं केलं. नाइट्स ऑफ पिथियस १८६४ चे, एल्क्स १८६८ चे.

यांतल्या बऱ्याच मंडळांचं रोजचं काम अगदी व्यवहारी होतं. सभासदानं नेमानं वर्गणी भरायची. आजारी पडला तर मंडळ त्याला पैसे देणार, मेला तर अंत्ययात्रेचा खर्च उचलणार, मागे राहिलेल्या बायकोपोरांकडे बघणार. ब्रिटनमध्ये कामगारांसाठी सरकारी विम्याचा कायदा १९११ साली झाला. तोवर लाखो कष्टकरी घरांना असाच आधार होता. हे एकदा ध्यानात घेतलं की ऑडफेलोंच्या पदकांवरच्या कवट्या, शवपेट्या आणि वाळूची घड्याळं भीतिदायक वाटत नाहीत. मरण घरी येणार आहे, त्याची तजवीज आपण मिळून करू, एवढंच ती सांगतात.

पायरी १: एक छोटं क्षेत्र निवडा

सगळंच जमवायला गेलात तर वर्षभरात डबाभर निरुपयोगी बिल्ले होतील. मी नव्या माणसाला तीनपैकी एक वाट सुचवतो.

पहिली वाट चॅप्टर पेनीची. अमेरिकेतल्या रॉयल आर्च चॅप्टरांमध्ये, म्हणजे फ्रीमेसनांच्या पुढच्या पदव्या देणाऱ्या शाखांमध्ये, ‘मार्क मास्टर’ची पदवी घेताना सभासद स्वतःची एक खूण निवडतो आणि ती चॅप्टरच्या वहीत नोंदवली जाते. जुने पाथरवट घडवलेल्या दगडावर आपली खूण करत, त्यावरूनच हे आलं. या पदवीची आठवण म्हणून तांब्याची किंवा काशाची पेनी काढतात. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट आहे. सकाळी आलेल्यालाही आणि संध्याकाळी आलेल्यालाही एकच नाणं मजुरी. पेनीचा संबंध त्या मजुरीशी आहे. एका बाजूला चॅप्टरचं नाव, क्रमांक, गाव आणि बहुधा सनद मिळाल्याची तारीख, मधोमध ‘वन पेनी’. दुसऱ्या बाजूला कमानीचा कळीचा दगड, आणि त्यावर वर्तुळात एच, टी, डब्ल्यू, एस, एस, टी, के, एस ही आठ अक्षरं. ‘हायरम, विधवेचा पुत्र, राजा सॉलोमनकडे पाठवला’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरं आहेत. सॉलोमनच्या मंदिराचा कारागीर हायरम हा फ्रीमेसनांच्या सगळ्या कथेचा नायक.

त्या अक्षरांच्या आतली जागा मुद्दाम कोरी सोडलेली असते, आपली खूण कोरून घेण्यासाठी. बहुतेक पेनी आयुष्यभर कोऱ्याच राहिल्या. माझ्याकडची सर्वांत लाडकी पेनी झिजून गुळगुळीत झाली आहे, पण त्या कोऱ्या जागेत कुणीतरी छोटासा ओळंबा आणि खाली दोन आद्याक्षरं कोरून घेतली आहेत. कोरणाऱ्याचा हात एका ठिकाणी घसरलाय. दोरीची बारीक रेघ अक्षरांच्या कड्याबाहेर गेली आहे. नव्या कोऱ्या चकचकीत दहा पेनींच्या बदल्यातही मी ती देणार नाही. सुरुवातीला ही वाट चांगली, कारण साध्या पेनी स्वस्त असतात, आकार साधारण तिसेक मिलिमीटरचा, ठेवायला सोप्या, आणि वाण इतके की कंटाळा येत नाही.

दुसरी वाट इंग्लंडच्या लॉजांतल्या ‘ज्वेल्स’ची. छातीवर किंवा गळपट्ट्याला लावायच्या पदकाला लॉजमध्ये ज्वेल म्हणतात, त्यात रत्न असो वा नसो. यांतलं ‘हॉल स्टोन’ ज्वेल मी प्रत्येकाला एकदा तरी हातात घ्यायला सांगतो. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सभासदांच्या स्मरणार्थ लंडनला मोठी वास्तू बांधायची म्हणून १९१९ च्या सुमारास दहा लाख पौंडांचा निधी सुरू झाला. किमान १० गिनी देणाऱ्याला चांदीचं ज्वेल, १०० गिनी देणाऱ्याला सोन्याचं. रचना सिरिल स्पॅकमन यांची. आकार क्रुसाचा, म्हणजे बलिदानाचा. चारही टोकांना अचूक चौरस. डाव्या-उजव्या चौरसांत १९१४ आणि १९१८. मधे पंख असलेली शांतीची मूर्ती हातात मंदिर धरून उभी, आणि वर ज्वेल ज्याला लटकतं तो गुण्या-कंपास. उलटं केलं की देणगीदाराचं नाव, लॉज आणि अनुक्रमांक. ती वास्तू १९३३ साली ग्रेट क्वीन स्ट्रीटवर उभी राहिली आणि आजही इंग्लंडच्या फ्रीमेसनांचं मुख्य ठाणं तिथेच आहे. देणगीदार पन्नास हजारांहून अधिक होते, त्यामुळे चांदीची ज्वेल्स आजही सहज मिळतात. स्मारक, चांदी, नाव, क्रमांक हे सगळं एका वस्तूत, तेही आवाक्यातल्या दरात.

तिसरी वाट मुंबई-पुण्याच्या लॉजांची. अवघड आहे, पण आपल्यासाठी सर्वांत जवळची. सुरुवातीला इथली लॉज गोऱ्यांची होती आणि भारतीयांना दार बंद असे. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानं स्कॉटलंडच्या सनदेखाली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज भारतीयांसाठी मुंबईत सुरू झालं. अशा लॉजांची नावं असलेली ज्वेल्स क्वचित बाजारात येतात. आली की धातूकडे न बघता आधी नाव वाचावं.

पायरी २: खुणा वाचायला शिका

इंग्लंडच्या पद्धतीच्या लॉजमध्ये प्रत्येक पदाधिकाऱ्याची खूण ठरलेली आहे, आणि ती पाठ झाली की अर्धं काम होतं. मास्टरचा, म्हणजे लॉजच्या प्रमुखाचा, गुण्या. सीनिअर वॉर्डनची पाणसळ, ज्युनिअर वॉर्डनचा ओळंबा. खजिनदाराची किल्ली, चिटणीसाच्या एकमेकींवर ठेवलेल्या दोन लेखण्या, दाराबाहेर पहारा देणाऱ्या टायलरची तलवार, डीकनचं ऑलिव्हची डहाळी धरलेलं कबुतर. मास्टरपदावरून उतरलेल्याच्या ज्वेलवर गुण्याला एक छोटी चौकोनी पाटी टांगलेली दिसेल आणि तिच्यावर शाळेत आपण सगळ्यांनी काढलेली आकृती: काटकोन त्रिकोण आणि त्याच्या तीन बाजूंवरचे चौरस. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं ते ४७ वं प्रमेय. अमेरिकेत मात्र माजी मास्टरच्या ज्वेलवर उघडा कंपास आणि बहुधा सूर्य असतो, त्यामुळे एवढ्यावरून ज्वेल कुठल्या देशाचं याचा अंदाज बांधता येतो.

ऑडफेलोंची ओळख तीन कड्या आणि एफ, एल, टी ही अक्षरं: मैत्री, प्रेम, सत्य. तळहातावर ठेवलेलं हृदयही त्यांचंच. दान द्यायचं ते मनापासून, असा त्याचा अर्थ. पिथियसवाले एफ, सी, बी लिहितात: मैत्री, दानधर्म, परोपकार. एल्क्सच्या बिल्ल्यावर सांबरासारख्या शिंगांच्या प्राण्याबरोबर घड्याळ असतं आणि त्याचे काटे ११ वाजल्याचे. रात्री अकराला ते गैरहजर आणि दिवंगत सभासदांची आठवण काढतात. बफेलोंची इंग्लिश ज्वेल्स बहुतेकदा खऱ्या चांदीची, मागे नाव-तारीख कोरलेली, आणि शिंगांचं डोकं पुढे.

एक सावधगिरी. एकच खूण अनेक मंडळं वापरतात. त्रिकोणातला डोळा दिसला की ‘फ्रीमेसन’ म्हणून भाव चढवला जातो, पण तो डोळा आधीपासून ख्रिस्ती चित्रांत होता आणि ऑडफेलोंनीही तो घेतला. अमेरिकेच्या १७८२ च्या राजमुद्रेवर तो आहे म्हणून ती मुद्रा फ्रीमेसनांची ठरत नाही. मधमाश्यांचं पोळं, कवटी, हस्तांदोलन करणारे हात यांचंही तसंच. कधीही एका खुणेवर निकाल देऊ नका. अक्षरं, क्रमांक आणि खूण अशी तिन्ही जुळली पाहिजेत.

पायरी ३: विचित्र तारखा सोडवा

पदकावर ५८६९ असं साल दिसलं तर छापणाऱ्याची चूक समजू नका. फ्रीमेसन ‘प्रकाशाचं साल’ मोजतात, ए. एल. अशा अक्षरांनी लिहितात, आणि त्यातून ४,००० वजा केले की इसवी सन मिळतो. म्हणजे हे १८६९. रॉयल आर्चवाले ए. आय. लिहितात, तिथे ५३० वजा करायचे. २४३० म्हणजे १९००. फ्रीमेसनांच्याच नाइट्स टेम्प्लर शाखेच्या ए. ओ. सालात उलट १,११८ मिळवायचे, त्यामुळे ७८२ म्हणजेही १९००. स्कॉटिश राइट या दुसऱ्या शाखेच्या ए. एम. सालातून साधारणपणे ३,७६० वजा होतात. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

इंग्लिश लॉजांचे क्रमांक अनेकदा बदलले, शेवटचे १८६३ साली. त्यामुळे नाव आणि क्रमांक ही जोडी जुळवली तर पदक कुठल्या काळातलं ते बऱ्यापैकी ठरतं. भारतीय ज्वेलवर क्रमांकापुढे ई. सी., एस. सी. किंवा आय. सी. दिसेल, म्हणजे अनुक्रमे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडची सनद. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं, पण काही लॉज जुन्याच सनदेखाली राहिली. म्हणून ‘ई. सी. आहे, म्हणजे १९६१ पूर्वीचं’ हा तर्क लावू नका.

इंग्लिश चांदीवर मोहोरा असतात. चालणारा सिंह म्हणजे ९२५ शुद्धतेची चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली, बिबट्याचं डोकं म्हणजे लंडनला. सोबतचं एकेरी अक्षर तपासणीचं साल सांगतं. बनवणाऱ्याची आद्याक्षरंही पाहा. लंडनच्या जॉर्ज केनिंग यांच्या पेढीचं नाव तुम्हाला वारंवार भेटेल.

पायरी ४: माणूस शोधा

या छंदातला हा माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा भाग. जॉन लेन यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश लॉजांची प्रचंड नोंदयादी केली. ती आता इंटरनेटवर शोधता येते: लॉज कधी निघालं, कुठे भरत होतं, क्रमांक कधी बदलला. सभासदांची १७५१ ते १९२१ पर्यंतची इंग्लंडची नोंदवहीही डिजिटल झाली आहे आणि तिच्यात वसाहतींतली लॉज आहेत. नावासोबत वय, पत्ता, व्यवसाय बहुधा मिळतो. ‘जे. स्मिथ’सारखं नाव असेल तर लॉजशिवाय काही हाती लागणार नाही. लॉज आणि साल मिळालं की एकदम रेल्वेतला गार्ड, तोफखान्यातला हवालदार, सुताचा दलाल असा जिताजागता माणूस समोर येतो. स्कॉटिश सनदेची लॉज, म्हणजे ‘रायझिंग स्टार’सुद्धा, या इंग्लिश नोंदवहीत सापडणार नाहीत. तिथे जुनी वर्तमानपत्रं आणि लॉजांची छापील वार्षिकं उपयोगी पडतात.

झिजलेली अक्षरं वाचायला सरळ उजेड नको. खोलीत अंधार करून टॉर्च टेबलाच्या पातळीवर आडवी धरा आणि पदक हळूहळू फिरवा. न दिसणारं नाव एखाद्या कोनात उभं राहतं. त्याच क्षणी फोटो काढा.

पायरी ५: खरं-खोटं

जुनी पदकं ठशानं छापलेली असतात, नक्कल बहुधा ओतीव. ओतीव वस्तूवर भिंगातून बारीक खड्डे किंवा फोड दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट, आणि कडेवर जोडाची रेघ. चुंबक जवळ न्या. चांदी, तांबं, काशाला ते चिकटणार नाही. सोनेरी मुलाम्याच्या, रंगीत, खूप साऱ्या खुणा एकत्र कोंबलेल्या ‘मेसॉनिक कॉइन’ आजच्या कारखान्यातल्या भेटवस्तू आहेत. त्या कुठल्याच लॉजच्या नाहीत. मीनाकाम खरं असेल तर ते काचेसारखं थंड आणि कडक, टवका उडाला तर कडा धारदार. आजचा राळेचा रंग नखाला किंचित मऊ लागतो.

गोष्टींना पैसे देऊ नका. ‘नाझी काळात जर्मन फ्रीमेसन गुपचूप लावत तो निळ्या फुलाचा बिल्ला’ असं सांगून बिल्ले विकले जातात. त्या फुलाचा बिल्ला १९३८ साली नाझी सरकारच्याच हिवाळी मदतनिधीनं विकला होता. जर्मन फ्रीमेसनांनी तो युद्धानंतर, १९४८ साली अधिकृतपणे स्वीकारला. गुपचूप लावण्याची कथा मागाहून रंगली.

१८ व्या शतकातलं काही हवं असेल तर १७९४ चं लंडनचं अर्ध्या पेनीचं टोकन बघा. २४ नोव्हेंबर १७९० रोजी प्रिन्स ऑफ वेल्स ग्रँड मास्टर निवडून आले, हे त्यावर लिहिलेलं असतं. मागे त्रिकोणात गवंड्याच्या हत्यारांमध्ये बसलेला मदन आणि भोवती ‘ज्ञान, बळ, सौंदर्य’. याच्या कडेवरचा मजकूर वेगवेगळा असतो. अनेक जण कडा बघतच नाहीत, तुम्ही बघा.

पायरी ६: खरेदी आणि कायदा

चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, शहरोशहरीची नाण्यांची प्रदर्शनं. तिथे ‘मेसॉनिक’ म्हणून मागितलंत की भाव चढतो. बिल्ले, जुनी पदकं, शाळेची पदकं अशा डब्यांतून स्वतः चाळा. परदेशातून ऑनलाइन घेताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच बोली लावा, स्वस्त पेनी त्यामुळे महाग पडते.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू तुम्हाला भारताबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणून इथे घेतलेलं १९१० चं ज्वेल परदेशातल्या संग्राहकाशी अदलाबदल करायच्या फंदात पडू नका. पावती मागा, मिळत नसेल तर तारीख, जागा आणि किंमत स्वतः लिहा. गळपट्ट्याची पदाधिकारी ज्वेल्स लॉजच्या मालकीची असतात. नाव चालू लॉजचं असेल आणि अख्खा संच एकदम विकायला आला असेल, तर विकत घेण्याआधी त्या लॉजला विचारावं. चोरीचा माल असू शकतो.

पायरी ७: जपणूक

घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, पॉलिश, काहीही नको. तांब्यावरचा तपकिरी काळपटपणा हेच त्या पेनीचं वय, तो गेला की परत येत नाही आणि किंमतही जाते. हिरवा, पुडीसारखा सुटणारा थर मात्र रोग आहे; असं पदक लगेच वेगळं ठेवा.

नव्या रेनकोटसारखा वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम टाळा. त्यातला पदार्थ सुटून तांब्यावर चिकट हिरवा लेप बसतो. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदी काळी करतात. डांबराच्या गोळ्याही पेटीत नकोत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की बदला.

फितीला हात लावू नका, म्हणजे धुऊ नका, इस्त्री करू नका, ‘बरी दिसेल’ म्हणून बदलू तर मुळीच नका. अमेरिकी लॉजांच्या फितींचे बिल्ले नेहमी दोन्ही बाजूंनी पाहा. एका बाजूला मिरवणुकीसाठी लाल-निळा रंग आणि सोनेरी अक्षरं, दुसरी बाजू काळी, रुपेरी अक्षरांत ‘इन मेमोरिअम’. सभासद वारला की तोच बिल्ला उलटा लावून मंडळी अंत्ययात्रेला जात. काळ्या बाजूची घडी अनेकदा जास्त झिजलेली असते. अशा बिल्ल्यांवर सेल्युलॉइडची टिकली असेल तर ती उष्णतेपासून आणि इतर पदकांपासून दूर ठेवा. ती कुजते आणि चटकन पेट घेते.

प्रत्येक वस्तूला एक पाकीट आणि एक चिठ्ठी करा: वजन ग्रॅममध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये, दोन्ही बाजूंचा मजकूर जसाच्या तसा, कडेचा मजकूर, कुठून घेतलं, माणसाबद्दल काय सापडलं आणि कुठे सापडलं. जुनी डबी, प्रमाणपत्र, पत्र जे काही सोबत आलं असेल ते त्याच पाकिटात, आणि कधी विकायची वेळ आली तरी ते सगळं एकत्रच द्या.